सांगा बरं, कोण मोठं?

माझ्या स्वयंपाकघरातले डबे आजही इंटरनेटवर आहेत. डबे आहेत, माझे दोन हात आहेत, हातातल्या बांगड्या आहेत आणि हे आहेत, यांचा आवाज आहे. माझा चेहरा मात्र कुठंच नाही. माझं तोंड दिसलं तर मोबाइल गच्चीवरून खाली टाकीन, असं मी यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शब्द पाळण्यात हे कधी चुकले नाहीत. त्यामुळे त्या सगळ्या व्हिडिओंत मी फक्त मनगटापर्यंत आहे.

हे म्हणजे माझे मिस्टर. नोकरीभर यांनी शाळेत गणित शिकवलं. मी दुसऱ्या शाळेत मराठी शिकवायचे. लग्नानंतरची आमची पहिली भांडणंसुद्धा विषयांवरून झाली. हे म्हणायचे, "तुमच्या पेपरात पोरानं काही का लिहीना, निम्मे मार्क ठरलेले." मी म्हणायचे, "तुमच्या तासाला पोरं रडतात. माझ्या तासाला रडली तर निदान कवितेनं रडतात." यावर हे खो खो हसायचे आणि मला 'मराठीच्या बाई' म्हणून हाक मारायचे. घरात कुणी पाहुणा असला तरी तीच हाक.

मला गणिताचा लहानपणापासून राग. आकडे दिसले की माझं डोकं बंद पडतं. त्या विषयाच्या माणसाबरोबर सगळं आयुष्य गेलं, तरी तो राग तसूभर कमी झाला नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे मीच आकड्यांसाठी जीव टाकत बसले.

लॉकडाऊन लागला तेव्हा यांची निवृत्ती जवळ आली होती. शाळा मोबाइलवर भरायची. हे इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलापाशी बसायचे आणि समोर नुसत्या काळ्या चौकटी. कुणाचा कॅमेरा बंद, कुणाचा आवाज बंद. "कळलं का रे?" हे विचारायचे. चौकटी गप्प. "कळलं नसंल तर तसं सांगा की." चौकटी गप्पच. तास संपला की हे मोबाइल उपडा ठेवून देत आणि कितीतरी वेळ त्याच खुर्चीत बसून राहत. वर्गात पिन पडली तरी ओरडणारा माणूस, त्याला शांततेचा एवढा त्रास होईल असं मला वाटलं नव्हतं.

अशाच एका दुपारी मी गवार निवडत होते आणि यांची हाक आली, "मराठीच्या बाई, इकडं या. लवकर या!"

मोबाइलवर काळ्या पडद्यावर रंगीत काठ्या उभ्या होत्या. काही उंच, काही बुटक्या, सगळ्या अस्ताव्यस्त. मग त्या जागा बदलायला लागल्या. शेजारशेजारच्या दोन काठ्या चमकायच्या, पटकन अदलाबदल व्हायची, की पुढच्या दोन. प्रत्येक वेळी टुंग असा आवाज. बुटक्या काठीचा आवाज जाडा, उंच काठीचा बारीक. आधी नुसता गोंगाट होता. हळूहळू उजव्या बाजूला उंच काठ्या नीट उभ्या राहत गेल्या आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एक स्वच्छ जिना झाला. मग डावीकडून उजवीकडे एकच आवाज चढत गेला आणि थांबला. माझ्या हातातली गवार हातातच राहिली होती.

"कसला खेळ आहे हा?" मी विचारलं.

"खेळ नाय गं. चढता क्रम लावणं चाललंय. कॉम्प्युटर असाच लावतो." यांचे डोळे चमकत होते. "मी हे वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवलं. लहानाकडून मोठ्याकडं, मोठ्याकडून लहानाकडं. एका पोरानं मान वर केली नाय. आन् इथं बघ, मीच तोंड उघडं टाकून बसलोय."

यांना नादच लागला. क्रम लावायच्या कितीतरी रीती असतात आणि प्रत्येकीचे व्हिडिओ असतात, हे मला तेव्हा कळलं. कुणी माणसं नाचवून दाखवतं, कुणी पत्ते मांडून, कुणी नुसत्या रंगांचे पट्टे हलवून. एकाच पडद्यावर चार रीतींची शर्यत लावलेली असायची आणि हे माझ्याशी पैज लावायचे की कोणती आधी संपेल. जिंकायचे अर्थातच तेच. मला गणित कळत नव्हतं, पण मी जागची हलत नव्हते. मराठीची बाई म्हणून मला त्यातलं एक मात्र लगेच समजलं. कुणीतरी चुकीच्या जागी उभं आहे, ते आपल्या जागी कधी पोहोचतं याची आपण वाट बघतो. गोष्टीत तरी दुसरं काय असतं? पोरांना फळ्यावर नुसता शेवट दिसत होता, लावलेला क्रम. वाट बघायला कुणी लावलंच नव्हतं.

मग यांच्या डोक्यात आलं की हे आपणच मराठीत करायचं. आणि माझ्या डब्यांवर संक्रांत आली.

लग्नात मिळालेला स्टीलच्या डब्यांचा संच होता माझ्याकडे. पिठाचा मोठा डबा, मग तांदळाचा, मग डाळींचे, अशी उतरती भाजणी शेवटी तिखटाच्या डबीपर्यंत. यांनी सगळे रिकामे करायला लावले. डाळी परातीत, तांदूळ पातेल्यात, पीठ कुठं ठेवलं हे मला आजही आठवत नाही. गच्चीवर टेबल मांडलं, त्यावर डबे ओळीनं. पूर्वी आमच्या पडेगावच्या गच्चीवरून किल्ला दिसायचा. आता समोरच्या अपार्टमेंटची पाण्याची टाकी दिसते. तीच मागे ठेवून शूटिंग.

डब्यांना यांनी आकड्यांचे कागद चिकटवले, ते मुद्दाम उलटसुलट. पिठाच्या थोराड डब्याला एकोणीस आणि तिखटाच्या डबीला बावीस. मी म्हटलं, "अहो, पोरं गोंधळतील." हे म्हणाले, "गोंधळू दे की. आकाराला भुलायचं नाय, आकडा वाचायचा. तेच तर शिकवायचंय."

डबे हलवायचं काम माझं. यांची रीत साधी होती. साऱ्या रांगेची काळजी करायची नाही. फक्त शेजारच्या दोघांकडे बघायचं. डावीकडचा मोठा असला तर दोघांची अदलाबदल, नसला तर जैसे थे. मग पुढचे दोन. असं करत टोकापर्यंत गेलं की सगळ्यांत मोठा आकडा आपोआप टोकाला जातो. मग पुन्हा पहिल्यापासून. हे विचारायचे, "सांगा बरं पोरांहो, कोण मोठं? बावीस का एकोणीस?" आणि थांबायचे.

ते थांबणं मला असह्य व्हायचं. मोबाइल चालू, हे कॅमेऱ्याकडे मान तिरकी करून बघतायत, खाली रस्त्यावर ट्रकचा हॉर्न, आणि मी दोन्ही हात डब्यांवर ठेवून ताटकळत उभी. बराच वेळ गेला की हे मान डोलवायचे आणि म्हणायचे, "शाब्बास!" मग मी अदलाबदल करायचे.

"अहो, शाब्बास कुणाला म्हणता?" मी एकदा वैतागून विचारलं. "उत्तर कुणीच दिलेलं नाही. इथं मी आणि कावळा."

"दिलं असंल कुणीतरी," हे म्हणाले. "नसंल दिलं तर शाब्बास ऐकून पुढच्या वेळी देईल."

आमचे व्हिडिओ काही जगभर गाजले नाहीत. पण पोरं बघायची. खाली लिहायची. सर, पहिल्यांदा कळलं. सर, मी आमच्या दुकानातल्या बरण्यांवर करून बघितलं. एका मुलीनं लिहिलं होतं की तिच्या आज्जीनंही उत्तर दिलं आणि दोघींनाही शाब्बास मिळाली. हे तो अभिप्राय मला रोज वाचून दाखवायचे. सीताफळांच्या दिवसांत टोपलीभर सीताफळं आणून यांनी दुसरी रीत दाखवली: मधलं एक धरायचं, लहान इकडे, मोठी तिकडे. शूटिंग संपेपर्यंत निम्मी पिकली होती, ती आम्ही खाल्ली.

एक व्हिडिओ वेड्या रीतीचा होता. त्या रीतीत विचारच करायचा नसतो. डबे डोळे मिटून कसेही मांडायचे आणि बघायचं, लागला का क्रम? नाही? पुन्हा मांडायचे. पुन्हा बघायचं. "ही नशिबाची रीत," हे कॅमेऱ्याला सांगत होते, "कधी पहिल्या झटक्यात जमंल, कधी जन्म जाईल. शहाण्या माणसानं हिच्या वाटेला जाऊ नये." मी डबे मांडून मांडून दमले आणि हे हसत राहिले. त्या व्हिडिओत शेवटी माझा हात वैतागून डबा आपटताना दिसतो.

पुढे शाळा उघडली, हे निवृत्त झाले आणि व्हिडिओ चालूच राहिले. आणि एका सकाळी गच्चीवर कुंड्यांना पाणी घालताना यांच्या हातातला पाइप गळून पडला. मी वर गेले तेव्हा हे कठड्याला टेकून बसले होते, चप्पल भिजलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं. मी हाका मारत होते आणि हे माझ्याकडे बघत होते. बोलायचं आहे आणि येत नाही, हे मला दिसत होतं. मी शब्द शिकवण्यात आयुष्य घालवलं, पण त्या वेळी मला अहो या एका शब्दाच्या पुढे काही सुचलं नाही.

अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा हे काठी धरून दोन पावलं टाकू लागले होते. बोलणं मात्र एखाददुसऱ्या शब्दावर अडायचं. पाणी म्हणायचं असलं तर दार म्हणायचे आणि आपण चुकलो हे कळून कपाळावर हात मारून घ्यायचे. पुण्याहून लेक आली, राहिली, तिची नोकरी होती, गेली. बोलायला शिकवणाऱ्या एक तरुण डॉक्टरबाई घरी येऊ लागल्या. चित्रांची कार्डं दाखवायच्या. हे आंब्याला आंबा म्हणू लागले, गाईला गाय. आकड्यांची कार्डं काढली की गप्प. पाच आणि आठ समोर ठेवून बाईंनी विचारलं, "सर, यातला मोठा कोणता?" यांनी दोन्ही कार्डांकडे असं बघितलं की मी उठून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

तेव्हापासून मला एकच हवं होतं. यांनी पुन्हा चालावं, भाषण करावं, असलं काही माझं मागणं नव्हतं. दोन आकड्यांतला मोठा आकडा यांनी मला सांगावा. मग बाकीचं गेलं तरी चालेल, हे घरी परत आले असं मी समजेन.

आणि ते झालं, असं आम्हाला वाटलं.

शेजारच्या गच्चीवर शेजारणीची नात पाढे पाठ करत होती. तिची आज्जी जुन्या वळणाची, नातीला सतरापर्यंत पाढे यायलाच हवेत. पोर सतराच्या पाढ्यात अडकली होती. "सतरा सक एकशे दोन, सतरा साते... सतरा साते..." आणि आमच्या खिडकीपाशी पलंगावर बसलेल्या यांच्या तोंडून खणखणीत आवाज आला, "एकोणिसासे! सतरा आठे छत्तिसासे, सतरा नवे त्रेपन्नासे, सतरा दाहे सत्तरासे!"

एका दमात. एकही अडखळ नाही. तोच वर्गातला आवाज.

मी स्वयंपाकघरातून धावत आले. पोर गच्चीवरून वाकून बघत होती. मी म्हटलं, "अहो, बारा! बाराचा म्हणा!" यांनी बाराचा म्हटला. एकोणीसचा म्हटला. डोलत डोलत, मांडीवर डाव्या हातानं ठेका धरून. मी लेकीला फोन लावला आणि फोन यांच्या तोंडाशी धरला. तिकडे ती रडायला लागली. शेजारीण पदर खोचून नातीला घेऊन धावत आली, "सर बरे झाले व्हय? लई चांगलं झालं बघा!" नाक्यावरून पेढे आले. गल्लीतली चार माणसं जमली. हे मधे बसून पाढे म्हणत होते आणि लोक ताल धरत होते. मी सगळ्यांना पेढे वाटत होते आणि माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग त्या पोरीनं अगदी सहज विचारलं, "सर आजोबा, सतरा मोठे का सात?"

हे थांबले. पोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. सगळी खोली वाट बघत होती. मी मनातल्या मनात सतरा, सतरा म्हणत होते. आणि हे म्हणाले, "सतरा एके सतरा." मग घाईघाईनं, "सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न..." आवाज चढत गेला, थांबता येईना, आणि डोळ्यांत पाणी. शेजारणीनं पोरीला दंडाला धरून बाहेर नेलं. लोक पेढे हातात घेऊन एकेक करून निघून गेले. पोरीचा काय दोष? तिनं तेच विचारलं जे हे स्वतः जन्मभर विचारत आले.

डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी समजावून सांगितलं. पाठ केलेलं वेगळ्या कप्प्यात असतं, म्हणाल्या. गाणी, शिव्या, पाढे, प्रार्थना हे तिथून बाहेर येतं. अर्थाचा कप्पा निराळा. मला ते पटलं. पौर्णिमेला विहारात मी अख्खी वंदना पालीत म्हणते. मधेच कुणी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर मलाही पहिल्यापासून सुरू करावं लागेल. यांनाही वंदना अजून अख्खी येते. दोन्ही हात जुळत नाहीत, तरी डावा हात छातीशी धरून म्हणतात.

"मग आकडे परत येणार की नाही?" मी विचारलं.

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "त्यांना आवडणारं काहीतरी समोर ठेवत राहा."

म्हणून मी यांना त्या रंगीत काठ्या दाखवायला लागले. तिथं आकडे नसतात. नुसती उंची असते. मी मोबाइल उशीला टेकवून ठेवायचे आणि हे बघत राहायचे. काठ्या जागा बदलू लागल्या की यांच्या डाव्या हाताचा अंगठा चादरीवर हलायचा. जिना पूर्ण होऊन शेवटचा आवाज चढला की एक मोठा श्वास सोडायचे. दिवसातला तो एकच वेळ असा होता की यांच्या कपाळावर आठी नसायची. मला आशा वाटू लागली. गणिताचा राग करणारी मी, मोबाइलपुढे बसून त्या काठ्यांना मनोमन विनवत होते की यांना घेऊन या.

मी डबेही काढले. पलंगावर चादर ताणून सगळे उलटसुलट ठेवले. यांनी डाव्या हातानं एकेक उचलून अचूक ओळ लावली, तिखटाच्या डबीपासून पिठाच्या डब्यापर्यंत. मी टाळ्या वाजवल्या. मग धीर करून जुन्यासारखे कागद कापले, आकडे लिहिले, चिकटवले. तिखटाच्या डबीवर बावीस. यांनी ती डबी डोळ्यांसमोर धरली, कागदावरून बोट फिरवलं आणि नखानं तो कागद खरवडायला सुरुवात केली. डब्यावर काही डाग लागला की माणूस खरवडतो तसा. पूर्ण निघेपर्यंत खरवडला, डबी सदऱ्याला पुसली आणि जिथं शोभते तिथं, ओळीत सगळ्यांत आधी ठेवली. माझ्याकडे बघून हसले. मी काय करणार होते? मीही हसले.

यांचे स्वतःचे व्हिडिओ मी यांना दाखवत नव्हते. मला भीती वाटायची. आपण कोण होतो हे असं समोर बोलताना बघून यांचं काय होईल, या विचारानं माझा जीव टांगणीला लागायचा. मी एकटी असताना मात्र उघडायचे, तेही व्हिडिओसाठी नाही, खालच्या अभिप्रायांसाठी. पोरं अजून लिहितात. सर, पुढचा व्हिडिओ कधी? सर, तुम्ही कुठं आहात? सर, भागाकारावर करा ना. लेक म्हणाली, "आई, काहीतरी उत्तर दे, नाहीतर मी देते." मी दिवसचे दिवस शब्द जुळवले. सर आजारी आहेत लिहिलं, पुसलं. लवकरच लिहिलं, ते खोटं वाटलं, पुसलं. निबंधात पोरांना शब्द सुचत नाहीत म्हणून त्यांच्यावर खेकसणारी मी, मला एक ओळ जमेना. आजही ते अभिप्राय तसेच पडून आहेत.

आणि परवा दुपारी, मी पलंगापाशी खाली बसून भाकरीचं पीठ चाळत असताना, काठ्यांचा व्हिडिओ संपला आणि मोबाइलनं आपल्या मर्जीनं पुढचा लावला. "नमस्कार पोरांहो," असा यांचा आवाज खोलीत आला.

पिठाचे हात तसेच घेऊन मी झडप घातली. बंद करणार एवढ्यात यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. घट्ट. मी बाजूला बसले.

पडद्यावर आमची गच्ची होती, टाकी होती, डबे होते. हे इस्त्रीच्या शर्टात, उजवा हात झोकात फिरवत बोलत होते. त्या उजव्या हाताकडे मला बघवेना. पलंगावरचे हे पुढे वाकून ऐकत होते, शाळेतल्या पहिल्या बाकावरच्यासारखे. मग तो प्रश्न आला.

"सांगा बरं पोरांहो, कोण मोठं? बावीस का एकोणीस?"

आणि पडद्यावरचे हे थांबले. मान तिरकी. खाली ट्रकचा हॉर्न. माझे हात तिखटाच्या डबीवर आणि पिठाच्या डब्यावर. माझ्या ओठावर उत्तर आलं होतं. एक शब्द पुटपुटला असता तर यांना ऐकू गेलं असतं. मी तोंड उघडलं आणि यांनी माझ्याकडे न बघता ओठावर बोट ठेवलं. वर्गात कुणी पुढच्याला उत्तर सांगायला लागलं की हे असंच करायचे.

मग यांनी हात पुढे केला आणि पडद्यावरच्या पिठाच्या डब्यावर बोट ठेवलं. एकोणीसवर. ठामपणे, अजिबात न घुटमळता.

"शाब्बास!" पडद्यावरचे हे म्हणाले.

यांचा चेहरा असा उजळला की मी इतक्या महिन्यांत तसा बघितला नव्हता. पाठ ताठ झाली. तेवढ्यात व्हिडिओत माझे हात पुढे आले आणि बावीसची डबी उचलून एकोणीसच्या पलीकडे ठेवून गेले. यांनी चुकचुक केलं. त्या हातांना काही समजत नाही, असं त्यांना वाटलं असावं. आकाराला भुलायचं नाय, असं पडद्यावरून यांचाच आवाज सांगत होता, पण तोवर यांनी माझ्याकडे मान वळवली होती.

"सर," हे म्हणाले. पुढचा शब्द शोधायला वेळ लागला. मी थांबले. "सर... लई... चांगले."

"कोण सर?" मी विचारलं.

यांनी मोबाइलकडे बोट दाखवलं. मी यांच्या डोळ्यांत बघत राहिले. थट्टा आहे का, पूर्वीची, मराठीच्या बाईंना चिडवायची? की खरंच? पूर्वी मला यांच्या चेहऱ्यावरून लगेच कळायचं. आता कळत नाही. कुणाला विचारूही शकत नाही.

"परत," हे म्हणाले.

मी पिठाच्या बोटानं व्हिडिओ मागे नेला. पुन्हा नमस्कार झाला, पुन्हा रांग झाली, पुन्हा तो प्रश्न आणि ती शांतता. या वेळी यांनी बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. आता तुमची पाळी, असं ते बघणं होतं. उत्तर मला येत होतं. गणितातलं एक उत्तर मला आयुष्यात प्रथमच इतकं पक्कं येत होतं.

मी हात पुढे केला आणि यांच्या बोटाशेजारी, पिठाच्या डब्यावर बोट ठेवलं. सरांनी आम्हा दोघांनाही शाब्बास म्हटलं.